लेखनसीमा

फतेगंज मागे टाकून छाणीच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या मनुष्याला, जकात केव्हाच उठली तरी ज्याचे नाव अजून उठलेले नाही त्या छाणी जकातनाक्यापर्यंत पोहोचण्याच्या आत, निजामपुरा लागतो. बडोद्याच्या जुन्या कोटाबाहेरची, किंबहुना इंग्रजांच्या छावणीच्याही पलीकडची ही वस्ती. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या नावांना गायकवाडीचा जो इतिहास चिकटलेला आहे तो हिला चिकटलेला नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले, १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, त्याच दशकात छाणीच्या अंगाला खताचा कारखाना उभा राहिला, आणि प्राध्यापक, कारकून, तंत्रज्ञ, लष्करातून निवृत्त झालेले शिपाई अशा नानाविध लोकांनी या बाजूला घरे बांधली. जुन्या शहरातल्या वाड्यांतून भाऊबंदांची दाटी झाली तेव्हा पुष्कळशी दक्षिणी कुटुंबेही (बडोद्याचा गुजराती मनुष्य मराठी माणसाला आजही याच नावाने ओळखतो) आपले देव आणि आपली पत्रांची बासने घेऊन इकडे आली. त्या बासनांपैकी एक आमच्याही घरी आले, आणि त्यातील कागद चाळता चाळता जो विचार मनात घर करून राहिला तो येथे मांडावयाचा आहे.

सकाळी सहापासून आठपर्यंत निजामपुऱ्यातल्या कोणत्याही जिन्यावर उभे राहिले तर एक दृश्य नित्य दिसते. दुधाची पिशवी हातात, चष्मा कपाळावर, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर अंगठा चालू. कोणी वडिलांच्या तिथीला त्यांचा फोटो लावून खाली चार शब्द लिहितो. कोणी मुलगी परीक्षेला बसली एवढेच कळवितो. कोणी 'आज पाणी उशिरा' अशी वर्दी देतो. कोणी सुरतेस निघाला असता 'निघालो' आणि तेथे पोहोचल्यावर 'पोचलो' इतकेच लिहितो, पण ते आपल्या पत्नीला न लिहिता दोनशे माणसांच्या समूहाला लिहितो. ट्विटर म्हणा, ज्याला २०२३पासून एक्स असे एकाक्षरी नाव मिळाले आहे. व्हॉट्सॲपचे स्टेटस म्हणा. या साऱ्या स्फुटलेखनाचा जन्म परदेशात परवा झाला, आपण ते उसने घेतले, असा सर्वसाधारण समज आहे. यंत्रापुरता तो खरा आहे. वृत्तीपुरता मात्र तो मला खरा वाटत नाही, कारण थोडक्यात, अनेकांच्या नजरेखालून जाईल असे, आणि तरीही जबाबदारीने लिहिण्याची एक दीर्घ रीत या भाषेत आणि या संस्थानात होऊन गेलेली आहे, आणि तिचे सर्वांत मोलाचे अंग आपण वाटेत कोठे तरी हरवून बसलो आहोत.

ते अंग कोणते, हे समजण्यासाठी मराठेशाहीतील एखादे राजपत्र डोळ्यांपुढे आणावे. प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, मग लेखणी शक्य तो न उचलता तिच्याखाली मोडीची अक्षरे एकापाठोपाठ एक ओवीत जावयाची. आरंभी मायना, म्हणजे लिहिणारा कोण, ज्याला लिहितो तो कोण, आणि उभयतांमधील पायरी कोणती याचा निर्वाळा. मग 'विशेष' या शब्दानंतर मजकूर. आणि मजकूर संपला की शेवटच्या अक्षराला लागून मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती. पेशवाईतील पत्रांच्या अखेरीस 'लेखनसीमा' असे शब्द असलेला शिक्का आढळतो. मजकूर जेथे थांबला तेथे हा शिक्का बसला म्हणजे त्यानंतर कोणा लबाड कारकुनाला आपल्या पदरची एक ओळ घुसडता येत नसे. या सीमेने अक्षरांची संख्या ठरत नव्हती. येथवरचा शब्द माझा, याच्यापुढे कोणी काही लिहिले तर त्याचा धनी मी नव्हे, अशी ती ग्वाही होती. सीमा शब्दाचा हा अर्थ मला अत्यंत उदात्त वाटतो, आणि पुढील सारे विवेचन मी त्याच्याच आधाराने करणार आहे.

मायन्याचा पसारा फार असे, म्हणून त्याचा संकोच करण्याची युक्तीही आपल्या पूर्वजांनी काढलीच. राजमान्य राजश्रीचे 'रा. रा.' झाले, तीर्थस्वरूपाचे 'ती.' झाले, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष या भरगच्च प्रणिपाताचे 'कृ. शि. सा. न. वि. वि.' झाले, आणि पत्र मिटताना काही राहून गेल्याचे आठवले तर ताजा कलमाचे 'ता. क.' झाले. आजची मुले शब्दांची आद्याक्षरे तेवढी लिहितात म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपल्या आजोबांचे एखादे कार्ड काढून पाहावे. त्यातल्या पहिल्या ओळीत एकही शब्द पुरा लिहिलेला सापडावयाचा नाही. संक्षेपाने आदर उणावत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाही त्या अक्षरांमागचा पूर्ण विधी पाठ असतो.

संक्षेपाचे सामर्थ्य किती भयंकर असू शकते याचे उदाहरण प्रत्येक मराठी मनुष्याच्या स्मरणात आहे. १७६१च्या जानेवारीत पानिपतावर सर्वनाश झाला तेव्हा दक्षिणेकडे जी वार्ता आली ती एका सावकारी पत्रातून, व्यापाराच्या परिभाषेत आली. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नाही, अशा आशयाचे ते दोन ओळींचे लेखन होते. एका पिढीचे मरण त्यात मावले. ज्याने ते लिहिले त्याला ठाऊक होते की हे पत्र वाटेत दहा जण वाचतील आणि त्याचा खरा अर्थ एकालाच कळला पाहिजे.

संस्थानी कारभारात संक्षेपाला आणखी एक रूप होते, ते शेऱ्याचे. तुमार, म्हणजे कारभाराचा कागद, आला, फडणिसाने वाचला, समासात शेरा पडला: 'मंजूर', 'चौकशी व्हावी', 'पाहिले, दप्तरी दाखल'. ज्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील कोश सिद्ध करविला, त्यांच्या राज्यात एकेका शब्दाचे वजन किती काळजीने तोलले जात असेल याची कल्पना त्या ग्रंथाच्या आकारावरून येते. दुसऱ्याच्या लिखाणाला आपल्या दोन शब्दांची पुस्ती जोडून ते पुढे पाठविणे हा व्यवहार आज फोनवर क्षणोक्षणी घडतो. परंतु शेरा ज्या कागदावर पडला त्या कागदाला तो कायमचा चिकटून राही, त्याच्याखाली सही असे, आणि चाळीस वर्षांनी कोणी दप्तर उघडले तरी शेरा मारणाऱ्याला त्याचा जबाब देता यावा अशी अपेक्षा असे.

हे सारे राजदरबारचे झाले. सामान्य माणसाच्या हाती थोडक्यात लिहिण्याचे साधन पडले ते १ जुलै १८७९ रोजी, ज्या दिवशी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. ऑस्ट्रिया-हंगेरीत ते दहा वर्षांपूर्वी, १८६९ साली, निघालेले होते. बडोद्याच्या रयतेला त्याचा खरा लाभ होण्यास मात्र आणखी एक गोष्ट घडावी लागली, आणि ती महाराजांनी घडवून आणली: १८९३ साली अमरेली महालात प्रयोग म्हणून, आणि १९०६ साली साऱ्या राज्यात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून गावोगाव ग्रंथालये आणि वाचनालये काढण्याची योजना सुरू झाली. शाळेत अक्षर आणि वाचनालयात वर्तमानपत्र अशा दोन बाजूंनी तयार झालेल्या त्या पिढीला गुजराती असो वा मराठी, आपले कार्ड आपल्या हाताने लिहिता येऊ लागले. शेजारच्या गुरुजींना ओसरीवर बसवून घरातली गुपिते सांगण्याचा प्रसंग टळला.

आमच्या बासनात अशी कार्डे पुष्कळ आहेत. त्यांचा विशेष हा की ती उघडी आहेत. लिफाफ्यातील पत्रात मनुष्य रागावतो, रडतो, उसनवारीचा हिशेब मागतो. कार्डावर मात्र तो सभ्य होतो, कारण टपालवाला ते वाचणार, वाड्याच्या दिंडीत ज्याच्या हाती पडेल तो वाचणार, आणि ज्याचे त्याला देताना 'तुमच्या भाचीला मुलगा झाला हो' असे वर ओरडूनही सांगणार, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असे. एकाला लिहिलेले, परंतु सर्वांना दिसणारे, असे हे लेखन. त्याने एक विशिष्ट शैली घडविली: प्रकृती, पाऊस, भाव, जन्म, मरण, येणे, जाणे, आणि जे चारचौघांत बोलण्याजोगे नाही त्याच्याविषयी 'बाकी समक्ष भेटीअंती' एवढे तीन शब्द. जागा संपत आली की अक्षर बारीक होई, मग कार्ड आडवे फिरवून समासात लिहिले जाई, आणि अगदीच उपाय नसला म्हणजे पत्त्याच्या बाजूलाही एक ओळ डोकावे. गुजराती शेजाऱ्यांकडे याच काळात दोन प्रकारच्या पत्रांचा फार स्पष्ट भेद पाळला जात असे. लग्नाची वार्ता नेणारी, कुंकवाचे बोट लागलेली ती कंकोतरी, आणि मरणाची वार्ता नेणारी ती काळोतरी. काळोतरी वाचून घरात ठेवीत नसत, फाडून टाकीत. कार्ड हाती पडताच, पहिला शब्द वाचण्यापूर्वीच, ते कोणत्या जातीचे आहे हे कळावे अशी ती व्यवस्था होती. आज एखाद्याच्या चित्राच्या जागी काळा चौकोन दिसला की मन जसे चरकते, तसेच तेव्हा चरकत असे.

तारेविषयी फार लिहीत नाही. तिची आकारणी शब्दावर होती, म्हणून विभक्तिप्रत्यय, क्रियापदे, आदरार्थी बहुवचने सारी गळून पडली; शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांना क्रमांक दिलेले होते आणि क्रमांक सांगितला की वाक्य पोहोचे, जसे आज एका चित्राने अख्खे अभिनंदन पोहोचते. २०१३च्या जुलै महिन्यात ही सेवा आपल्या देशात कायमची बंद झाली.

वार्ताफलकाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण आजच्या स्टेटसचा तो अगदी सख्खा पूर्वज आहे. मंडळाच्या, वाचनालयाच्या किंवा तालमीच्या बाहेर काळा फळा, खडूने घातलेली चौकट, वर तारीख आणि तिथी, खाली दोन-तीन बातम्या आणि एखादे सुवचन. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने पुसून नवे लेखन. त्याचे आयुष्य एका दिवसाचे. २०१७च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपने चोवीस तासांनी आपोआप मावळणारे स्टेटस आणले, तेव्हा वार्ताफलकावर वाढलेल्या माणसांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. फरक एकच, पण तो लहान नाही: फळ्यावर नाव नसे, तरी अक्षर कोणाचे हे साऱ्या आळीला ठाऊक असे. चुकीची बातमी लिहिली गेली तर सायंकाळी त्या गृहस्थाला गाठून विचारणारे निघत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताने, त्याच खडूने, दुरुस्ती होई.

आता यंत्राचा इतिहास. १९८५च्या सुमारास जर्मनीतील फ्रीडहेल्म हिलेब्रांट या अभियंत्यापुढे असा प्रश्न होता की फोनवरून लिखित निरोप पाठवावयाचा तर त्याची कमाल लांबी किती असावी. त्याने टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये टंकून मोजली, आणि १६० अक्षरे पुरेशी होतात असे त्याला आढळले. आपला निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठी त्याने जो पुरावा घेतला तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे: पोस्टकार्डांवरील मजकूर, ज्यातील पुष्कळसा दीडशे अक्षरांच्या आतच संपत असे. म्हणजे कार्डाच्या कागदाने माणसाच्या मनाला जे वळण लावले होते तेच वळण यंत्राचे माप ठरले. २००६ साली अमेरिकेत ट्विटर निघाले तेव्हा ते या निरोपांवरच चालावे अशी योजना होती. म्हणून १६०मधून लिहिणाऱ्याच्या नावासाठी वीस अक्षरे राखून मजकुरास १४० उरली. २०१७च्या नोव्हेंबरात ती २८० झाली. पाव आण्याच्या कार्डापासून येथवर एक अखंड वंशावळ आहे.

मराठी माणसाच्या वाट्याला या वंशावळीत एक दुःख आले, ज्याची पुरेशी नोंद झालेली नाही. ते १६० अक्षरांचे माप रोमन लिपीचे. देवनागरीतील एक अक्षर जरी निरोपात आले तरी साऱ्या निरोपाची मर्यादा सत्तरावर येई. त्यातही यंत्र 'स्त्री' हे एक अक्षर एक म्हणून मोजत नाही. स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा मोजते. ज्या लिपीत जोडाक्षरे अधिक तिला दंड अधिक, असा हा हिशेब. एका मराठी निरोपाला दोन निरोपांचे दाम पडू लागले, जुन्या फोनांना नागरी अक्षरे दिसतही नसत, आणि म्हणून एका अख्ख्या पिढीने आपली मातृभाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लावून घेतली. निजामपुऱ्यातल्या मराठी घरात आज आजी नागरी वाचते, मुलगा गुजराती लिपीत लिहितो, नात रोमनमध्ये. आणि तिघे एकाच समूहात एकमेकांस उत्तरे देतात. अलीकडच्या फोनांवर नागरी अक्षरे सहज दिसतात, ट्विटरच्या २८०मध्येही देवनागरी आता तुच्छ लेखली जात नाही. तरी जडलेली सवय सुटत नाही, आणि 'ण' व 'न', 'ळ' व 'ल' यांतील भेद मुलांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू नाहीसा होत चालला आहे याची मला मनापासून खंत वाटते. देशी भाषांसाठी म्हणून २०२० साली निघालेले कू हे स्थळ २०२४च्या जुलैत बंद पडले, तेव्हा म्हणूनच मला वाईट वाटले.

बडोद्याने या नव्या माध्यमाचे बळ फार जवळून पाहिले ते १६ मे २०१४ रोजी. येथून उभे राहिलेले नरेंद्र मोदी ५,७०,१२८ मतांच्या आधिक्याने निवडून आले. देशातील विजयाची वार्ता त्यांनी दुपारीच ट्विटरवर थोडक्या शब्दांत दिली, आणि सभेला ते सायंकाळी बडोद्यात आले. सभेपूर्वीच सभेचा गाभा लोकांच्या खिशात पोहोचला होता; भाषण हे त्यावरचे भाष्य झाले. राजकारणाचा क्रमच त्या दिवसापासून आमच्या नजरेत बदलला.

आणि १ जुलै २०१८ हा दिवस. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध पुरुषांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या ज्या अफवा त्या दिवसांत फोनाफोनी पसरत होत्या त्यांना मायना नव्हता, तिथी नव्हती, ठिकाण नव्हते, आणि अखेरीस मोर्तब नव्हते. कोणी लिहिले हे कोणासही ठाऊक नव्हते, प्रत्येक जण फक्त पुढे ढकलणारा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती पुढे पाठविण्याची मर्यादा पाच ठिकाणांवर आणली, आणि असा निरोप दुसऱ्याकडून आलेला आहे हे सांगणारी एक लहानशी खूण त्यावर दिसू लागली. ती खूण पाहिली की मला तो जुना शिक्का आठवतो. पण तिचा अर्थ अगदी उलट आहे. शिक्का सांगत असे की हा शब्द माझा. ही खूण एवढेच सांगते की हा शब्द पाठविणाऱ्याचा नाही. कोणाचा, ते ती सांगू शकत नाही. अक्षरांची सीमा आपण यंत्राकडून घेतली, उत्तरदायित्वाची सीमा मात्र घ्यावयास विसरलो, आणि त्या विसरण्याची किंमत पाच कुटुंबांनी मोजली.

तथापि निजामपुऱ्यातच मी ती सीमा पुन्हा आखली जाताना पाहिली आहे, आणि ती कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर पाण्यामुळे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यावर एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. १८९२पासून शहराला पाणी पाजणारे आजव्याचे सयाजी सरोवर भरले, विश्वामित्री फुगली, आणि आमच्या बाजूने वाहणारी भूखी कांस, जी एरवी नाला म्हणूनही कोणाच्या गणतीत नसते, रस्त्यावर आली. त्या रात्री समूहातून शेकडो निरोप फिरले: धरण फुटले, मगर जिन्यात शिरली, वीज आठ दिवस नाही. काही खरे होते, पुष्कळसे नव्हते, आणि खऱ्याखोट्याची निवड करण्याचे साधन कोणापाशी नव्हते. म्हाताऱ्या माणसांना मध्यरात्री विनाकारण वरच्या मजल्यांवर हलविले गेले. ज्यांना खरोखर हलवावयास हवे होते ती माणसे खालीच राहिली.

पाच वर्षांनी, २०२४च्या ऑगस्टअखेरीस, विश्वामित्री धोक्याच्या खुणेपेक्षा दहा फुटांहून अधिक वर चढली. या खेपेस आमच्या वसाहतीतील समूहाची भाषा बदललेली होती. कोणी सभा भरवून नियम केला नव्हता; परंतु 'केटलुं पाणी छे?' या प्रश्नाला येणारी उत्तरे एका ठरावीक घाटाची होऊ लागली. आधी वेळ, मग ठिकाण, मग आकडा: आजव्याची पातळी इतकी, काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री इतकी. त्यानंतर, स्वतः पाहिले की ऐकले. दुसऱ्याकडून आलेले काही पाठविले की लगेच विचारणा होई, 'कोणे कह्युं?', आणि उत्तर न मिळाल्यास पाठविणारा आपण होऊन ते पुसून टाकी. गुजराती, मराठी, हिंदी अशा तीन भाषांत हा व्यवहार चालला होता. त्याचे व्याकरण मात्र एक होते, आणि ते मला आमच्या बासनातल्या कागदांवरून फार ओळखीचे वाटले.

आमच्या समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक काका राहतात, संस्थानच्या शाळेत शिकलेल्या वडिलांचे चिरंजीव, वय ऐंशीच्या पुढे. त्या रात्री दर अर्ध्या तासाला त्यांचा निरोप येत होता. त्यातला एक मी जपून ठेवला आहे: 'रात्री ११.४०. कांस डिलक्स चार रस्त्याच्या बाजूने भरून वाहते. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीस पाणी. स्वतः बॅटरीने पाहिले.' आणि त्याखाली, फोनवर पाठविणाऱ्याचे नाव आपोआप उमटते हे त्यांना नातवाने कितीदा तरी सांगितले असताही, त्यांनी आपले नाव पुरे लिहिले होते. पहाटे पाचला शेवटचा निरोप आला. पाणी पहिल्या पायरीखाली गेले होते, आणि खाली 'ता. क.' घालून त्यांनी लिहिले होते की चहा टाकला आहे, ज्यांच्या घरी गॅस नाही त्यांनी मागच्या दाराने यावे.